माझ्या साडूंच्या ‘हाय’बाबत

तक्रारदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या अलीकडचे (फार अलीकडचे नव्हे), धंदा अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण पनवेल येथील तहसील कचेरीबाहेरील पत्र्याची शेड, शिक्षण दहावी, त्यातून इंग्रजी आणि गणित वगळून. ज्यांच्याविरुद्ध तक्रार : माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार बेलपाडा. घटनेचा दिवस : माझी कन्या हर्षदा विद्यापीठाच्या वसतिगृहात दाखल झाली तो रविवार. साक्षीदार : एक, माझी पत्नी, जी माझ्या बाजूने बोलेल याची खात्री देता येत नाही, दोन, सदर कन्या, तीन, वसतिगृहाच्या दारावरील पहारेकरी बाई, ज्यांनी त्या दिवशी आमची सुकट खाल्लेली असल्याने त्यांची साक्ष निःपक्षपाती धरू नये. तक्रारीचे नेमके स्वरूप शेवटी नमूद केले आहे, कारण हा मजकूर लिहिता लिहिता ते बदलत गेले.

आरंभीच स्पष्ट करतो की, माझ्या साडूंना अनोळखी वाटेल असा मनुष्य या पृथ्वीवर अद्याप जन्मास आलेला नाही. माणूस दिसला की ते प्रथम त्याला “कोनाचा तू?” असे विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला सोडत नाहीत. समोरच्याने नाव, हुद्दा, कंपनी असे काहीही सांगितले तरी ते त्यांच्या लेखी उत्तर नव्हे. आजोळ कोठले, आत्या कोठे दिली, हे निघाले पाहिजे. एकदा पनवेलच्या एसटी स्टँडसमोर त्यांनी आपली पांढरी गाडी नको तेथे उभी केली, तेव्हा वाहतुकीचा हवालदार शिट्टी वाजवीत धावून आला. मी घाईघाईने मनातल्या मनात माफीचा अर्ज रचू लागलो. तो अर्ज ‘महोदय’पर्यंत पोहोचतो तोच हवालदाराची चुलत बहीण साडूंच्या मामेभावाच्या गावात दिलेली असल्याचे निष्पन्न झाले, आणि हवालदार स्वतः रिक्षा थांबवून आमची गाडी मागे घेण्यास वाट करून देऊ लागला. आवाजाविषयी इतकेच सांगतो की, ते फोन वापरतात तो केवळ रीत म्हणून. बेलपाड्यातून बोलले तर पनवेलला तसेही ऐकू यावे.

पूर्वी त्यांची भातशेती आणि मिठागर होते. आता त्या जागी इमारती आहेत आणि त्यांतल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर ते राहतात. तेथे दारे बंद ठेवण्याची पद्धत असल्याने त्यांची फार कुचंबणा झाली. अखेरीस त्यांनी असा शोध लावला की, इमारतीतला प्रत्येक मनुष्य दिवसातून एकदा तरी लिफ्टमध्ये येतोच. सबब संध्याकाळी ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन लिफ्टमध्ये बसू लागले. वर जात, खाली येत, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करीत. सोसायटीचे सेक्रेटरी संतापून माझ्याकडे आले आणि मी कर्तव्यबुद्धीने, नाते मधे न आणता, ‘उद्वाहनाचा बैठकीसारखा वापर केल्याबाबत’ अशी कडक नोटीस लिहून दिली. दुसऱ्या दिवशी साडू ती नोटीस घेऊन माझ्याच टेबलावर हजर. “साडू, वाचा जरा. काय झ्याक लिवलंय कोनीतरी.” मी माझीच नोटीस त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ‘उद्वाहन’ शब्दाला त्यांनी मान डोलावली आणि विचारले, “म्हंजे लिफ्टच ना? मग लिफ्टमधी बसू नको असं नाय लिवलं त्यांनी.” खुर्ची आजही तेथेच आहे. सेक्रेटरी हल्ली तिच्यावर बसतात आणि साडू उभे राहतात.

तथापि त्यांचा सर्वांत मोठा दोष असा की, त्यांना एकट्याने जेवता येत नाही. घरी कोणी नसेल तर ताट वाढून ते खाली रस्त्यावर येतात आणि मिळेल त्याला वर घेऊन जातात. पाकीट द्यायला आलेला कुरिअरवाला त्यांच्याकडे कोलंबीचे कालवण जेवून गेला आणि पाकीट परत घेऊन गेला, ही गोष्ट मला त्याच कुरिअरवाल्याने सांगितली. “एकटं जेवलं का पोट भरतं, पन जेवन व्हत नाय,” असे साडूंचे म्हणणे. यातली वाक्यरचना सदोष आहे, हे मी त्यांना तेव्हाच दाखवून दिले होते.

कारण माझे स्वतःचे बोलणे तसे नाही. मीही त्याच खाऱ्या मातीतला, उरणकडच्या मिठागरावर राबणाऱ्या घरातला; परंतु कचेरीबाहेर टेबल मांडले त्या दिवशी ‘हाय’, ‘नाय’ आणि ‘आमी’ या शब्दांना मी सेवामुक्त केले आणि त्यांच्या जागी ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘अर्जदार’ यांची नेमणूक केली. घरातही तोच नियम लावला. पत्नीने तो जुमानला नाही. मुलीने मात्र तंतोतंत पाळला. लहानपणी ती माझ्यापुढे येऊन “मला पाणी मिळावे, ही विनंती” असे म्हणत असे आणि मी ते कौतुकाने साऱ्या शेडला सांगत असे. पुढे कॉलेजात पहिल्याच दिवशी तिने शेजारच्या मुलीला सांगितले, “आपण थोडे सरकल्यास मी आभारी राहीन.” ती मुलगी सरकली, ती थेट पुढच्या बाकावर. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर हर्षदाचा पहिला संदेश ‘विषय : पंख्याचा वेग कमी करणेबाबत’ असा होता. त्या संदेशाला कोणी उत्तर दिले नाही, आणि माझ्या मते तो निर्दोष होता. कॉलेजची सगळी वर्षे ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एकटीच डबा खाई, हे तिच्या आईला ठाऊक होते. मला नव्हते, कारण अशा गोष्टी माझ्यापर्यंत लेखी येत नाहीत.

पुढे पुण्याकडच्या एका विद्यापीठात संख्याशास्त्रासाठी तिला प्रवेश मिळाला. मी पेढे वाटले. पत्नी मात्र पेढ्याचा पुडा हातात धरून नुसती बसून राहिली. “मार्कांचं मना काय नाय,” ती म्हणाली. “ती तिकडं जेवाया कोनाबरोबर बसंल?”

“योग्य ती व्यवस्था करण्यात येईल,” मी म्हणालो.

“तुमी नका करू व्यवस्था. तुमीच केलेली हाय ही.”

या आक्षेपाची दखल न घेता मी परिचयाचा एक मसुदा तयार केला. ‘नमस्कार. माझा परिचय पुढीलप्रमाणे’ अशी सुरुवात, मग मूळ गाव, शिक्षण, आवडी आणि शेवटी ‘तरी आपण माझ्या मैत्रीचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा’. मूळ प्रत मुलीला दिली, दुय्यम प्रत स्वतःच्या खिशात ठेवली. तिने तो मुकाट्याने पाठ केला. पाठ करताना तिचा चेहरा दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसासारखा झाला होता, तो मला एकाग्रतेचा वाटला.

त्या रविवारी साडूंना कोणी बोलावले नव्हते. ते आले आणि म्हणाले, “गारी हाय. मी येतो.” गाडीला ते गारी म्हणतात. द्रुतगती मार्ग त्यांना मान्य नाही, कारण तेथे कोणी भेटत नाही. म्हणून आम्ही जुन्या रस्त्याने निघालो. पळस्प्याला चहा घेताना मी त्यांना बाजूला घेतले आणि सांगितले की, तेथे शिकलेली माणसे असतील, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, तरी आपण शक्यतो बोलू नये.

“थोडं बी नाय?”

“एकही शब्द नको.”

त्यांनी कप खाली ठेवला. राग आला असता तर मला बरे वाटले असते. पण ते म्हणाले, “पोरीचा दिवस हाय, साडू. नाय बोलनार.” आणि खरोखरच नाही बोलले. घाटात गाडी इतकी शांत चालली की, इंजिनात काही बिघाड झाला असावा असे मला दोनदा वाटले.

वसतिगृहात पुरुषांना वर सोडत नाहीत. खाली भेटीची खोली होती, तेथे आम्ही बसलो. पहारेकरी बाईंनी हर्षदाच्या खोलीतल्या मुलीला खाली बोलावले. साडू दाराकडे पाठ करून पिशवीतले डबे काढीत होते. मंगळवेढ्याकडची ती सडपातळ मुलगी दारात उभी राहिली, तिने हात किंचित वर केला आणि म्हणाली, “हाय.”

हर्षदा उठून उभी राहिली. “नमस्कार. माझा परिचय पुढीलप्रमाणे. माझे मूळ गाव...” आणि येथे तिला पुढचे आठवेना. तिने माझ्याकडे पाहिले. मी ओठ हलवून ‘तालुका’ असे सुचवले. तिची मान हळूहळू खाली गेली. ती पायऱ्यांवर डबा घेऊन कशी बसत असेल, ते मला त्या क्षणी प्रथमच दिसले. दारातली मुलगी गोंधळली, एक पाऊल मागे सरली, आणि आपले काही चुकले की काय अशा आवाजात तिने पुन्हा विचारले, “हाय?”

आता माझ्या साडूंची बाजू समजून घेतली पाहिजे. पाठमोऱ्या माणसाला दारातून कोणी ‘हाय?’ असे विचारले, तर बेलपाड्यात त्याचा अर्थ एकच होतो : आहे का कोणी घरात? जन्मात त्यांनी या प्रश्नाला कोणाला उत्तर न देता परत पाठवलेले नाही. घाटभर राखलेले मौन त्यांच्याही नकळत सुटले.

“हाय, हाय. हितंच हाय. सकालपासून हाय. ये आत, बाय. कोनाची तू?”

मी भिंतीवरची नियमावली वाचू लागलो. ती मुलगी हात तसाच वर ठेवून बघत राहिली आणि मग तिचा हात आपोआप खाली आला. “काका, तुमच्याकडं बी हायच म्हनत्यात व्हय?”

“मग दुसरं काय म्हनतात?”

“तसं न्हवं. हितं आल्यापास्नं मी समद्यांना इंग्रजीतलं हाय म्हनतीया. सवय लागली म्हनून आईला फोनवर बी म्हनलं, तर ती म्हनती, काय हाय?”

हर्षदा हसली. तोंडावर हात न ठेवता हसली, आणि अगदी आपल्या आईच्या सुरात म्हणाली, “मी हर्षदा हाय. तू जेवलीस का गं?” हे वाक्य माझ्या मसुद्यात कोठेही नव्हते.

त्यानंतर तांदळाच्या भाकऱ्या निघाल्या, सुकट निघाली. वासावर हरकत घेण्यास पहारेकरी बाई आल्या, त्यांचे माहेर माणगावकडे निघाले आणि त्या खाली बसल्या. मंगळवेढ्याच्या मुलीने सुकट कधी पाहिली नव्हती. तिने डोळे मिटून खाल्ली आणि उघडून पुन्हा घेतली. वाढायला ताटे नव्हती. “कागद हाय का कोनाकडं?” साडूंनी विचारले. मी खिशातली दुय्यम प्रत काढून दिली. माझ्या लेखनाचा इतका तातडीने उपयोग झाल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

त्या दिवसापासून मुलीचे फोन कमी झाले. तिची आई म्हणते हे चांगले लक्षण आहे, आणि खुशीत असते. येणाऱ्या फोनमध्येही पाठीमागे इतका गलका असतो की, “तब्येत कशी आहे?” हा माझा प्रश्न कोणी भलतीच मुलगी ऐकते आणि “ठीक हाय काका” असे उत्तर देते. मी समाधानी आहे. तसे मी दोनतीनदा बोलूनही दाखवले.

अशातच एके दिवशी दुपारी साडू शेडमध्ये आले. मी नेहमीप्रमाणे टेबल भिंतीकडे वळवून डबा उघडला होता. ते मागे उभे राहून बराच वेळ बघत होते, हे मला उशिरा कळले.

“तुमी रोज असंच जेवता, साडू?”

“कार्यबाहुल्यामुळे तसे करावे लागते.”

“भिताडाकडं तोंड करून?”

त्यांनी माझे टेबल हाताने धरून फिरवले, समोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, “पोरीचं झालं. आता तुमचं बगाया पायजे.”

तेव्हापासून ते दररोज दुपारी बेलपाड्याहून डबा घेऊन येतात. शेजारचा मुद्रांक विकणारा, पलीकडचा झेरॉक्सवाला, ज्यांच्याशी माझा इतकी वर्षे केवळ मान हलवण्यापुरता संबंध होता, ते आता माझ्या टेबलावर माझ्या पत्नीच्या हातच्या लोणच्याची वाट बघतात. पक्षकार समोर असताना मला ‘साडू’ म्हणून हाक मारली जाते. माझी प्रतिष्ठा संपुष्टात आली आहे. परवा मुलीचा संदेश आला, ‘बाबा, हाय का?’ मी ‘आहे’ असे लिहिले, खोडले, आणि इकडेतिकडे पाहून ‘हाय’ असे पाठवले.

सबब, वाचकांस अर्जदाराची नम्र विनंती अशी की, उपरोक्त इसमास योग्य ती समज देण्यात यावी. आज दुपार कलू लागली आहे. मुद्रांकवाले दोनदा विचारून गेले. टेबल फिरवलेले आहे, समोरचे स्टूल पुसून ठेवले आहे, आणि पांढरी गारी अद्याप दिसत नाही. विलंबाचे कारण कळावे आणि अर्जदारास त्वरित न्याय मिळावा. अर्जदाराने डबा उघडलेला नाही.