नळातल्या झिणझिण्या

"मॅडम, आपका दिल तो ठीक चल रहा था," स्क्रीनवरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "शॉक गलत लगा है."

सकाळी आंघोळ करताना छातीत लाथ बसावी तसा दणका बसला होता, सावरते तोवर दुसरा. अँब्युलन्समध्ये मी माझ्या नवऱ्याला, मंदारला, सांगून मोकळी झाले होते, की आपल्या सईला नाशिकला ताईकडे ठेव. आणि हा माणूस म्हणतो, शॉक चुकून बसला.

माझ्या छातीत या उन्हाळ्यात आयसीडी बसवलं. हृदयाचे ठोके बेफाम झाले, तर आतून शॉक देणारं यंत्र. डॉक्टरांनी त्यातली नोंद दाखवली. माझ्या ठोक्यांच्या रेषेवर बारीक, एकसारखे दाते उमटले होते.

"ये बाहर की बिजली है. क्या पकड़ा था?"

शॉवरचा नळ.

याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स म्हणतात. बाहेरची वीज शरीरातून यंत्रापर्यंत पोचते आणि त्याला ते बिघडलेले ठोके वाटतात.

इथे आखातात, आमच्या खलिफा सिटीत, उन्हाळाभर टाकीतलंच पाणी चटके देतं, वॉटर हीटर बंदच असतो. थंडी सुरू झाली म्हणून तो आम्ही आदल्याच दिवशी चालू केला होता. गेल्या हिवाळ्यात सई म्हणायची, "मम्मा, द टॅप टिकल्स." आम्ही ते कौतुकाने पाहुण्यांना सांगायचो आणि रबरी चपला घालून आंघोळी उरकायचो. मंदार तर इंजिनीयर आहे.

आत्ता आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सई शेजारच्या कुलकर्णी काकूंकडे होती, आणि तिला आमच्याच बाथरूममध्ये आंघोळ घालून शाळेत सोडा, असं मीच जाताना घराची किल्ली देऊन सांगितलं होतं.

मंदारने खिशातून फोन काढला. मी तो काढून घेतला.

"काकू, सई कुठेय?"

"अगं, इथेच तुमच्या सोफ्यावर. किती वेळ मागे लागलेय, आंघोळीला तयारच नाही बघ. कशी आहेस तू?"

दोन शॉक खाऊन न रडलेली मी तिथे हमसून रडले.

हीटरमधून वीज पाण्यात झिरपत होती आणि अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. आता सगळं बदललंय. तुमच्या घरी नळाला झिणझिण्या येत असतील, तर कृपा करून हसू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सई अजूनही आंघोळीला टाळाटाळ करते. मी ओरडायला तोंड उघडते आणि तशीच तिला जवळ घेते.