न गेलेल्या वाटेचा वाटाड्या

मंडळी, या ग्रुपवर तुम्ही मला कौतुकानं 'वाटाड्या' म्हणता. डार्क फँटसी, ओपन वर्ल्ड, तलवारबाजी, असला कुठला व्हिडिओ गेम घ्यावा हे मला विचारता आणि मीही बिनधास्त ठोकून देतो. आज सकाळी तोंडावर आपटलो.

कार्ल्याला मक्याच्या कणसांच्या गाडीवर थांबलो होतो. गाडीवाली हसली. "दादा, फोटोवरनं वळखलं तुमाला. मी सुरेखा, आपल्या ग्रुपमदली. तुमी सांगितलेला तो राखेच्या राज्याचा गेम घेतला. पुलावरचा राक्षस काय मरत न्हाई, तीन आठवडे तितंच अडकलेय. काय करू?"

"ढाल धर की," मी रुबाबात म्हणालो.

ती गोंधळली. "पण दादा, त्यात ढालच न्हाई."

तो गेम मी खेळलोच नाही हो. दुसऱ्या कुणाला खेळताना व्हिडिओत पाहिलाय, तोही पळवत पळवत.

शेजारी तिचे आबा कणसं सोलत होते. ते ट्रेकवाल्यांना किल्ल्यावर नेतात, म्हणजे खरेखुरे वाटाडे. "ह्येच व्हय तुमचं वाटाडं?" त्यांनी लेकीला विचारलं. मग माझ्याकडं बघून अगदी साधेपणानं म्हणाले, "आमी आदी सोता जाऊन येतो, मंग माणसं नेतो."

खरं काय ते सांगायला तिथं तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितोय. माझ्या भरवशावर अजून कोण कोण कुठं अडकलंय?

सुरेखाताई, आज गेम घेतलाय. पुलापर्यंत येतो, मग बोलतो.