साडूंच्या घरी शहाणा होणारा कॉम्प्युटर

माझे साडू विलासराव हे अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत आणि त्याबद्दल मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला रोह्याला, नोकरी तिथल्याच एका केमिकल कंपनीत, यंत्रं दुरुस्त करायची. मी पेणला रामवाडीत राहतो आणि डोलवीला एका ठेकेदाराचं स्टोअर सांभाळतो. म्हणजे यंत्रं मीही रोज हाताळतो, फक्त ती खोक्यात बंद असतात. आमच्या घरात जी वस्तू चालते ती विलासरावांचा हात लागलेली आहे. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आल्यागेल्याला तसं सांगतेही. "हा भावजींनी केलेला मिक्सर. हा भावजींनी केलेला गिझर." मीही एकदा मोरीतला नळ दुरुस्त केला होता. तो तेव्हापासून उलटा फिरवला की सुरू होतो आणि "यांनी केलेला नळ" म्हणून त्याची स्वतंत्र ओळख करून दिली जाते. मला विलासरावांचा हेवा वाटतो, सरळच सांगतो. (सज्जन माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं काम आहे. शिव्या घालायला काही सापडतच नाही.)

गेल्या दसऱ्याला त्यांनी घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्या लॅपटॉपच्या पूजेचा फोटो टाकला. एक कुंकवाचं बोट, एक फूल, बस्स. त्यावर सुनंदाने लगेच लिहिलं, "किती सुंदर आणि सात्त्विक!" मी शेजारच्या खोलीत बसलो होतो. मला ते थेट ऐकवता आलं असतं, पण तिने ग्रुपवर लिहिलं.

मग मी आमच्या कॉम्प्युटरची पूजा केली. पडद्याला झेंडूची माळ घातली, सीपीयूला हळदीकुंकवाचे पट्टे ओढले, कीबोर्डवर आपट्याची पानं पसरली आणि मूठमूठभर अक्षता इतक्या टाकल्या की लग्नात टाकतात त्याही थोड्या वाटाव्यात. फोटो ग्रुपवर टाकला. एकच उत्तर आलं. "वा, फारच छान." पाठवणारे विलासराव. माझं डोकंच फिरलं.

दोन दिवसांनी सुनंदाने कॉम्प्युटर लावला. ती घरी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते, मुलांच्या प्रश्नपत्रिका तिला छापाव्या लागतात. कॉम्प्युटर तीनदा केकाटला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आला. सुरुवातीला एरर, शेवटी एफ वन दाबा. मी एफ वन दाबलं, तो सुरू झाला. मी म्हणालो, "झालं."

ते झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. सुनंदा बटण दाबून भाजी परतायला जायची, परत येऊन बघते तर काळा पडदा तिची वाट बघत बसलेला. मी वायरी काढल्या, लावल्या. अख्खा कॉम्प्युटर खिडकीकडून भिंतीकडे सरकवला. स्टोअरमधल्या एकाने सांगितलं म्हणून विंडोज पुन्हा टाकलं, त्यात सहावीची घटक चाचणी गेली. मेसेज मात्र जागचा हलला नाही.

"अहो, राहू दे," सुनंदा एका बुधवारी म्हणाली. "रविवारी ताई आणि भावजी जेवायला यायचेत. भावजी बघतील."

"भावजींना कशाला त्रास? मी करतो ना."

"महिना झाला, तुम्ही करताच आहात."

माझ्यापुढे आता रविवारपर्यंतची मुदत होती. तोवर कॉम्प्युटर सुधारला नाही तर विलासराव सदरा सावरत येणार, पाच मिनिटांत काम करणार आणि उरलेला जन्म मला "भावजींनी केलेला कॉम्प्युटर" ऐकत काढावा लागणार. मला एकदाच, फक्त एकदाच, त्या घरात "यांनी केला" हे कौतुकाने म्हटलेलं ऐकायचं होतं. तेव्हा खूप विचार करून मी एक योजना आखली. कॉम्प्युटर गुपचूप विलासरावांकडूनच दुरुस्त करून आणायचा आणि मीच केला म्हणून सांगायचं. (हेवा वाटतो म्हणून माणसाची गरज थोडीच संपते?)

गुरुवारी मला सुट्टी होती. डोलवीला मित्राकडे नेतो असं सांगून मी सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला आणि रोह्याची गाडी धरली. खोकं मांडीवर घेतलं, धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी कवटाळलं. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव; तिथे गाडीत चढलेला माणूस चादरीत गुंडाळलेलं काही इतकं जपून नेत असेल तर लोक एकच समजतात.

"गणपतीची मूर्ती हाय काय?" समोरच्या बाईंनी विचारलं.

सीपीयू आहे म्हटलं असतं तर कुठे, कशाला, काय बिघडलं हे सगळं आलं असतं, आणि त्या डब्यात रोह्याचे लोक होते. मी म्हणालो, "हो."

"सरक गो जरा, पाय लावू नको," त्या शेजारणीला म्हणाल्या. "बाप्पा हाय त्यात."

शेजारणीने पाय वर घेतले आणि नमस्कार केला. मागच्या बाकावरच्या आजोबांनीही केला. नागोठण्याला एकाने चादरीवर जास्वंदीचं फूल ठेवलं. मी मान खाली घालून बसलो. रोह्याला उतरलो तर रिक्षावाल्याने न सांगता रिक्षा बैलगाडीच्या वेगाने चालवली. "घाई नाय साहेब," तो म्हणाला, "मूर्तीला तडा गेला तं पाप माझ्या माथी."

विलासरावांनी फुलासकट सीपीयू बघितला आणि काहीही विचारलं नाही. हा त्यांचा मोठेपणा मला तेव्हाही टोचला. त्यांनी तो आपल्या टेबलावर ठेवला, आपला पडदा लावला, आपला कीबोर्ड लावला, बटण दाबलं. कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. ना केकाटणं, ना मेसेज. बंद केला, पुन्हा लावला. दहा वेळा. दहाही वेळा तो गुणी मुलासारखा वागला.

"सुधाकरराव, याला तर काहीच झालेलं नाही," विलासराव म्हणाले. "मेसेजमध्ये लिहिलेलं काय असतं?"

"एरर असतं. आणि एफ वन."

"मधे?"

"मधे इंग्रजी असतं."

त्यांनी तरीही खोकं उघडलं, धूळ झटकली, आतली एक पट्टी काढून पुसून परत लावली. "बहुतेक ही हलली असेल," म्हणाले. माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. एक महिना मी या यंत्रापुढे हात जोडले, त्याने मला दाद दिली नाही. आणि यांचं नुसतं टेबल लागल्यावर सुधारलं. घरातल्या माणसांचं मी समजू शकत होतो, पण आता विजेवर चालणाऱ्या वस्तूसुद्धा त्यांच्या बाजूने होत्या.

ताईंनी पोहे दिले. त्या आत गेल्यावर मी विलासरावांच्या जवळ सरकलो. "एक विनंती आहे. सुनंदाला मी इथे आलो होतो हे कळता कामा नये. मीच दुरुस्त केला, असं..."

"माझ्या तोंडून शब्द जाणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि खरंच मी काही केलेलं नाही." वर मला स्टेशनपर्यंत सोडलं. सज्जन माणूस!

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सुनंदा बाजारात गेली होती. मी जोडणी केली, बटण दाबलं. तीन वेळा केकाटणं. काळा पडदा.

मी तसाच खुर्चीत बसलो. एफ वन दाबायचंही बळ नव्हतं, म्हणून महिन्यात पहिल्यांदाच मी तो मेसेज पूर्ण वाचला. मधे स्वच्छ लिहिलं होतं: कीबोर्ड. एक बटण अडकलेलं आहे. कीबोर्ड! जो मी रोह्याला नेलाच नव्हता. बटणांना कोण कॉम्प्युटर समजतो? मी तो उचलला. उजव्या कोपऱ्यातलं एक बटण, जे मी जन्मात कधी दाबलं नव्हतं, अर्धं आत बसलं होतं. कीबोर्ड उलटा करून झटकला तर टेबलावर तांदूळ सांडले, झेंडूच्या दोन पाकळ्या पडल्या आणि थोडं कुंकू. बटण टक्कन वर आलं. कॉम्प्युटर लावला, सरळ सुरू झाला. पाच वेळा लावला. पाचही वेळा.

तुम्हाला खरं वाटणार नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाची मदत नाही, कुणाचा सल्ला नाही, मी दुरुस्त केला होता. तांदूळ मी घाईघाईने वाटीत भरले आणि गॅलरीत चिमण्यांना टाकले, कारण ते तिथे कोणी घातले हा प्रश्न मला नको होता.

सुनंदा आली. मी तिच्यासमोर कॉम्प्युटर लावून दाखवला.

"सुधारला?"

"मी केला. स्वतः."

"हो का," ती म्हणाली आणि छान हसली. त्या हसण्यावर मी तीन दिवस काढले. शुक्रवारी मी शीळ घालत शिफ्टला गेलो.

रविवारी पाहुणे आले. जिताड्याचं कालवण होतं. सुनंदाने मधला तुकडा विलासरावांना वाढला, मला शेपटीकडचा. तरी मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही. कालवण भातावर घेत मी सहज विषय काढला. "कॉम्प्युटर मस्त चालतो आता. शेवटी केला मीच."

विलासराव शब्दाला जागले. "हो तर," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय? सगळं सुधाकररावांचंच डोकं."

सुनंदाने हातातली वाटी खाली ठेवली.

"बघा," ती मला म्हणाली, "याला म्हणतात मोठं मन. गुरुवारी तुमची गाडी रोह्याहून सुटायच्या आत ताईने मला फोनवर सगळं सांगितलं होतं. एवढं काम केलं, वर नाव तुमचं पुढे करतायत. तुम्ही असं कधी कुणासाठी केलंत?"

"अगं, पण खरंच मी केला," मी म्हणालो. "घरी आल्यावर. कीबोर्डमध्ये..."

"कीबोर्डमध्ये काय?"

तिघंही माझ्याकडे बघू लागले. मी घास गिळला.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग नुसते बघत काय बसलात? आभार माना की भावजींचे."

मी मानले. विलासराव म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं," आणि आपल्या ताटातला मधला तुकडा मोडून त्यातला अर्धा त्यांनी माझ्या पानात वाढला. मी तोही खाल्ला.