अल्ब्युमिनचा भाव

दुधनीचे एक धान्याचे अडते मला दर महिन्याला शहरात सात रस्ता चौकाजवळच्या लॅबोरेटरीत भेटत. दोघांचंही दुखणं लिव्हरचं, म्हणून ओळख. नाव मी कधी विचारलं नाही. रिपोर्ट हातात पडला की ते धोतर सावरून बाकावर बसत आणि बाजारात तुरीचा भाव पुकारावा तसे आकडे मोठ्यानं वाचत.

एकदा ते फार खुशीत होते. "अक्का, बिलिरुबिन उतरलं! अल्ब्युमिनबी उतरलं! समदं स्वस्त झालंय की!"

त्यांची सुजलेली पावलं वहाणांत मावत नव्हती.

"बिलिरुबिन उतरलं, म्हणजे कावीळ उतरली, ते चांगलं," मी म्हटलं. "अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन, ते उतरणं वाईट; त्यानंच पाय सुजतात. आजच डॉक्टरांना पाय दाखवा."

त्यांनी रिपोर्टवरच्या दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हंजे एक आपण घ्यायचा माल, आन् दुसरा इकायचा?"

"तसं समजा. पण आधी पाय दाखवा."

पुढच्या महिन्यात वहाणा पायांत नीट बसल्या होत्या. अल्ब्युमिनही थोडं चढलं होतं. पण स्वतःचा आकडा पुकारण्याआधी त्यांनी माझा रिपोर्ट मागून घेतला. माझंही चढलं होतं.

"लई बेस," ते म्हणाले. "आता इकायची घाई करू नका, अक्का. धरून ठेवा."