पाखरांचा हाका

सुलतानपूरच्या इंद्रभान देशमुखाला पाखरांचं वेड लागलंय, असं गाव म्हणे. त्याची बायको मनकर्णाबाई मात्र तोंड वाकडं करी. पाखरांचं कसलं? वेड होतं रावसाहेब होण्याचं. ज्याला उभ्या जन्मात होला आणि पारवा वेगळा ओळखता आला नाही, तो गळ्यात दुर्बीण अडकवून तेराव्याच्या जेवणालाही जाई. नाकापेक्षा मोती जड.

आधीचा डिप्टी कमिशनर शिकारी होता. त्याच्यासाठी हाके काढून, म्हणजे डफडी बडवत रानडुकरं बंदुकीपुढे हुसकून, इंद्रभानने दरबारात खुर्ची मिळवली. नवा साहेब बंदुकीला हात लावत नसे, सवड मिळाली की पाखरं बघत बसे. झालं, इंद्रभानही पाखरांचा भक्त झाला. रावसाहेबीचा सरकारी किताब मिळाल्यातच जमा धरून त्याने गडीमाणसांना आतापासूनच 'रावसाहेब' म्हणायला लावलं. सगळे म्हणू लागले. मनकर्णाबाई तेवढी म्हणेना, आणि तेच त्याला सलत होतं.

हिवाळ्यात साहेब लोणारच्या तळ्यावर येणार असं कळलं. इंद्रभानने जुने हाकेकरी बोलावले, डफडी आणि पत्र्याचे डबे गोळा केले.

"अवो, पाखरं हायेत ते. डुकरं नाई," मनकर्णाबाई म्हणाली.

"तुले काय समजते? साहेबानं काय धुंडत फिराचं? आपण त्याच्या म्होरं आणून टाकू. जनमभर आपलं नाव काढीन तो."

त्या सकाळी साहेबासाठी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन ती तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळापाशी बसली होती. थोड्या अंतरावर साहेब झुडपाआड, श्वासही जपून घेत, पाण्यावरची बदकं बघत होता. एवढ्यात वरच्या कडेने हाका सुटला. ते तळं म्हणजे खोल कढई. एक डफडं वाजलं तरी चौफेर घुमतं, इथे तर अर्धं गाव बोंबलत होतं. पाखरं उठली आणि कडा ओलांडून पार दिसेनाशी झाली. डुक्कर जमिनीवर पळतं आणि पाखराला पंख असतात, एवढंही या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

इंद्रभान धापा टाकत खाली आला आणि साहेबापुढे हात जोडून उभा राहिला.

"हुजूर, पसंत पडलं काय?"

साहेबाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो चपराशाशी इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, आणि चपराशाने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं. या माणसाने पुन्हा साहेबासमोर यायचं नाही.

हात दाखवून अवलक्षण. मनकर्णाबाईला त्याची कीव आली नाही. वर्षभर चाललेल्या त्या सोंगाचा तिला वीट आला होता.

घरी आल्यावर तो ओसरीवर बसून राहिला, दुर्बीण अजून गळ्यातच. गडी त्याच्याकडे न बघता ये-जा करत होते. तिने आतून पाण्याचा गडवा आणला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या, रावसाहेब."

"हाव," तो सवयीने म्हणाला. मग मात्र गडवा हातात धरून बसला. मान वर करून तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.