पंपाची ओटी

गावाला पाणी देणारा पहिला पंप मी माझ्या याच दोन हातांनी बंद पाडला.

दुष्काळातली गोष्ट. मिरजगावच्या अलीकडं आमचं गाव. विहीर खाली ओढ्यात, हौद वर वेशीपाशी, आणि मधला चढ आम्हा बायकांच्या डोक्यावर! धाकटे दीर, दत्तूभाऊजी, कुवेतला फिटर. त्यांनी तिकडं आमच्याच पट्ट्यातली आणखी चार माणसं गोळा केली, पाचही जणांनी पोटाला चिमटा घेतला आणि गावासाठी इंजिनासकट पंप घेतला. भाऊजी रजेवर आले ते बोटीनं पंप घेऊनच. (बायकोला आणली एकच नायलॉनची साडी. जाऊबाई अजून काढतात ते!)

शनिवारी पंप सुरू करायचा, सोमवारी भाऊजी परत जाणार. इंजिनातलं कळणारं दुसरं माणूस गावात नाही.

शनिवारी सकाळी मी सासूबाईंना घेऊन पूजेला गेले. पंपात पाणी भरून भाऊजी सरपंचांना आणायला गेले होते. मनात आलं, ही मशीन एवढ्या लांबून आलेली, आता कायम इथंच नांदायची, तिची ओटी नको भरायला?

"भर की," सासूबाई म्हणाल्या. "पर हिला पदर कुठं हाय?"

खरंच की! मग पंपाच्या डोक्यावरचं ते पाणी भरायचं तोंड दिसलं. चांगलं वाटीएवढं! घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी चालल्या होत्या, पण ओटीला राखलेले गहू मी आणले होते. पाच मुठी घातले. हळकुंड, सुपारी, वर हिरवा खण, बोटानं दाबून दाबून! पाणी उतू आलं. म्हटलं, शुभशकुन! नारळ मावेना. (मावला असता तर तोही गेला असता.) झाकण फिरवून घट्ट बसवलं.

खाली भाऊजींनी हँडल मारलं. इंजिन भकभकलं. वर हौदाशी नवी टोपी घातलेले सरपंच पाइपात डोकावले.

"आलं का वो पानी?" भाऊजी खालून ओरडले.

फर्रर्र! सरपंचांच्या टोपीवर, मिशीवर ओले गहू!

"सरपंच, अक्षता पडल्या! लग्न लागलं तुमचं!" मागून कुणीतरी म्हणालं. पाइपानं दोन उचक्या दिल्या आणि सगळं थंड.

भाऊजींनी अख्ख्या गावादेखत पंप उघडला. हळकुंड निघालं. सुपारी निघाली. मग हिरवा खण, चिंध्या चिंध्या होऊन. त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही.

"वहिनीऽऽ!"

"मी निस्ती ओटी भरली, भाऊजी…"

"अवो, पाच मानसं तिथं उन्हात करपली ह्याच्यापायी, आन तुमी हिचं डोहाळजेवन करताय व्हय?"

सुपारीनं आतलं पातं मोडलं होतं. ते फडक्यात बांधून भाऊजी सायकलीवर मिरजगावला गेले. रविवारी त्यांनी पातं डाग देऊन जोडून आणलं, बसवलं, आणि सोमवारी एसटी यायच्या आधी हौदात पाणी पडलं! बायका हंडे टाकून नाचल्या. मी लांबूनच रडून घेतलं.

जाताना भाऊजींनी पंपावर लाल रंगानं एक ओळ लिहिली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. आमच्या मालकांना विचारलं, "काय लिवलंय?"

"पंपाचा मंत्र हाय," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

मग काय! दर शुक्रवारी मी त्या ओळीला हळदकुंकू वाहू लागले. आळीतल्या बायकाही येऊ लागल्या. पुढं मी किराणाच्या पुड्यांचे कागद जुळवत जुळवत वाचायला शिकले, आणि एका शुक्रवारी पंपावर बोट ठेवून मंत्र वाचला:

"वहिनींना पंपाजवळ फिरकू देऊ नये."

मागं आठ-दहा बायका करंडे घेऊन उभ्या. "काय लिवलंय गं?"

"मंत्रच हाय," मी म्हटलं. "कुंकू लावा आन लांब व्हा!"