छत्तीस भाकरींची परवानगी

शुक्रवार पेठेत निंगव्वाचं घर शोधायला पत्ता लागत नसे, कान लागत. गल्लीत शिरलं की थप थप थप असा एका लयीतला आवाज यायचा. तो जिथून येतो ते तिचं घर. गेली सव्वीस वर्षं ती कडक भाकरी करून विकत होती. शाळूची, ताटाएवढी, पापडासारखी पातळ आणि महिनाभर डब्यात राहिली तरी मऊ न पडणारी. तिच्या भाकरी दुबईपर्यंत जाऊन आल्या होत्या. ती स्वतः अक्कलकोटच्या पलीकडं फक्त माहेरी गेलेली.

यंदा भोगीच्या आदल्या दिवशी तीनशे भाकरींची ऑर्डर होती. दोनशे चाळिसाव्या भाकरीला तिचा डावा हात जड झाला. सकाळपासून थापतोय, हात जडच होणार, असं म्हणून तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली आणि मगच सुनेला म्हणाली, "महेश्वरी, जरा पडते गं."

महेश्वरीनं सासूला सतरा वर्षांत दिवसाउजेडी आडवी पडलेली पाहिली नव्हती. तिनं एकदा तोंडाकडं पाहिलं, घामानं भिजलेला पदर पाहिला आणि रिक्षा बोलावली. अर्ध्या तासात निंगव्वा दवाखान्यात होती. दोन स्टेंट बसले. हृदयाचं पंपिंग चाळीस टक्क्यांवर आलं होतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज थोडं चाला. हलका व्यायाम करा. जड काम करू नका."

हे शेवटचं वाक्य निंगव्वाचा मुलगा बसू यानं फार मनावर घेतलं. तो एका शाळेत लिपिक. कशाचीही यादी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं 'अव्वाची जड कामे' अशी एकोणीस बाबींची यादी करून फ्रीजवर चिकटवली. पहिली बाब भाकरी थापणे. सहावी बाब फ्रीज उघडणे. चौदावी बाब मोठ्याने बोलणे. ही चौदावी ऐकून अख्खी गल्ली हसली, कारण निंगव्वाकडं बोलण्याचा दुसरा प्रकारच नव्हता.

"मग हलकं काम कुटलं रं?" तिनं विचारलं.

बसूनं बराच विचार केला. "बसणं," तो म्हणाला.

महिन्याभरानं ती तपासणीला गेली तेव्हा दवाखान्यात एक चष्मेवाली पोरगी भेटली. उत्कर्षा तिचं नाव. करकंबच्या शेतकरी घरातली, इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती आणि त्यासाठी हृदयरोग विभागात यायची.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्या इकोवरून, स्कॅनवरून आम्ही तुमच्या हृदयाची नक्कल कॉम्प्युटरात करतो. पंपिंग तुमचंच, दाब तुमचाच, नळ्या तुमच्याच. मग त्या नकलेला चालायला लावायचं, जिना चढायला लावायचा. रक्त कुठं कमी पडतं ते बघायचं. म्हणजे तुम्हाला किती व्यायाम झेपेल ते आधीच कळतं. तुम्हाला दमवून बघायला नको."

"म्हंजे चालणार ती, आन पुण्य मला?"

"चालावं तुम्हालाही लागेल. पण किती, ते ती सांगेल."

बरोबर आलेल्या बसूला हे फार पटलं. कारण यात आकडे होते. त्यानं लगेच संमतीपत्र वाचून काढलं, त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि आईचा अंगठा न घेता सही घेतली, कारण सही तिला छान येत होती.

पंधरा दिवसांनी उत्कर्षानं तिला पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. लालसर, निळसर असं काहीतरी आकसत होतं आणि सैल पडत होतं. निंगव्वा चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिली.

"काय शोधताय, मावशी?"

"आमचे मालक जाऊन बारा वर्षं झाली. हृदयात हाय, हृदयात हाय असं समद्यांस्नी सांगते मी. म्हटलं कुटं कोपऱ्यात दिसतोय का."

"दिसले?"

"त्यो घरात तरी कुटं घावायचा."

नकलेनं सांगितलं की सपाट रस्त्यावर पंचवीस मिनिटं सावकाश चालणं चालेल, नाडी एकशे दहाच्या वर जाता कामा नये. डॉक्टरांनी त्यावर मान डोलावली. आता नक्कल सांगते ते खरं आहे का, हे ताडून बघायचं होतं. म्हणून उत्कर्षानं निंगव्वाच्या छातीला नाडी मोजणारा एक पट्टा बांधला आणि एक वही दिली. दिवसभरात काय केलं ते वहीत लिहायचं. ते कॉम्प्युटरात भरलं की नक्कल आपला अंदाज सांगणार, आणि पट्ट्यावरच्या खऱ्या आकड्याशी तो जुळवायचा.

सकाळचं चालणं बरोबर जुळलं. अंघोळ जुळली. पूजाही जुळली. पण दुपारी तीन ते पाच काही केल्या जुळेना. वहीत रोज एकच शब्द होता, 'झोप'. नक्कल म्हणायची अडुसष्ट ठोके, पट्टा म्हणायचा एकशे सहा.

उत्कर्षाला आधी पट्ट्याचा संशय आला. पट्टा बदलला, नवाही तेच सांगू लागला. मग तिला स्वतःचा संशय आला. आठ दिवस बसून तिनं सगळी गणितं पुन्हा तपासली. तिच्या सरांनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं, कदाचित ठोक्यांची लय बिघडत असेल, डॉक्टरांना कळव. मग चोवीस तासांचा ईसीजी झाला. लय अगदी सरळ होती. हृदय झोपेत धावत होतं आणि मजेत धावत होतं.

बसूची मात्र पाचावर धारण बसली. "अव्वा झोपेत पळती म्हणं," असं तो शाळेत सांगत सुटला. आई दुपारची झोपायला मागच्या बोळातल्या नागम्माकडं जायची, कारण नागम्माकडं कूलर होता. आता तो कूलरच वाईट आहे का, अशी शंका त्यानं यादीत वीस नंबरला टाकली.

एक दिवस उत्कर्षा पाच आठवड्यांचे आकडे पसरून बसली होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं की सोमवारी दुपारी सगळं जुळतंय. पाचही सोमवारी. मग तिनं जुना पट्टा हातात घेतला. त्याच्या चापात पांढरं काहीतरी बसलं होतं. नखानं काढून तिनं बोटावर चोळलं. करकंबच्या पोरीला ज्वारीचं पीठ ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

पुढच्या तपासणीला बसू आईसोबत आला होता. उत्कर्षानं सहज विचारलं, "मावशी, सोमवारी तुम्ही काय करत नाही?"

"सोमवारी आमी काम बंद ठेवतो. सिद्धरामाचा वार," निंगव्वा म्हणाली. आणि मग तिला समजलं की आपण काय बोललो.

बसू एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहू लागला. "कुठलं काम?"

मग सगळं बाहेर आलं. निंगव्वा रोज दुपारी नागम्माकडं पन्नास-साठ भाकरी थापत होती. आवाज येऊ नये म्हणून लाकडी काटवटीखाली गोधडीची चौघडी घालायची. तरीही येईल म्हणून नागम्मा आपली तेलुगू मालिका मोठ्या आवाजात लावायची. पाच आठवड्यांत निंगव्वाला तेलुगू समजायला लागलं होतं.

"अव्वा, तू मला फसवलंस," बसू म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"व्हय, फसवलं." निंगव्वा पहिल्यांदाच हळू बोलली. "तू बस म्हनलास, मी बसले. पर बसलं की छातीतलं ऐकू येतंय रं. एक ठोका झाला की दुसरा येतोय का न्हाय, म्हणून वाट बगत ऱ्हावं लागतंय. दिवसभर किती वाट बगू? भाकर थापताना ते ऐकू येत न्हाय. माझ्याच हाताचा आवाज येतोय."

बसूनं खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि खिशात ठेवला.

उत्कर्षा म्हणाली, "खोटं लिहिलंत ते वाईट केलं, मावशी. त्यावर औषधाचं ठरतं. पण माझीही चूक आहे. मी नकलेला चालणं शिकवलं, जिना शिकवला, सायकल शिकवली. तुम्ही कधी सायकलवर बसलाय?"

"मागं कॅरेजवर."

"मी पुस्तकं धुंडाळली. भाकरी थापायला हृदयाला किती कष्ट पडतात, याचा आकडा मला कुठं सापडला नाही. तो आपण काढू."

डॉक्टरांची परवानगी काढून, एका नर्सबाईंना बरोबर घेऊन उत्कर्षा शुक्रवार पेठेत आली. श्वास मोजायचा मुखवटा निंगव्वाच्या नाकातोंडावर चढवला. मागून एक नळी डब्याला जोडली. शेजारच्या बायका दारात जमल्या. एकीनं विचारलं, "अंतराळात निघाली का काय?" मुखवट्यामुळं निंगव्वाला उत्तर देता येईना, ही गल्लीच्या इतिहासातली पहिलीच वेळ होती.

ती काटवटीपुढं बसली. थप थप थप. बसू भिंतीला टेकून उभा होता. महेश्वरी तवा सांभाळत होती. उत्कर्षा पडद्याकडं बघत होती आणि तिच्या भुवया वर वर चालल्या होत्या. थापण्यानं नाडी फक्त अठ्ठ्याण्णव. सव्वीस वर्षांत तो हात इतका तयार झाला होता की अंगाला फार काही करावंच लागत नव्हतं. खरी गंमत वेगळीच निघाली. चार किलो पिठाचा गोळा एकदम मळताना निंगव्वा दम कोंडून धरायची, आणि रक्तदाब सर्रकन वर जायचा. पिठाचा डबा उचलताना तर आणखीच वर. थापणं निर्दोष होतं, मळणं आणि उचलणं गुन्हेगार होते.

दुसऱ्या दिवशी मुखवटा न लावता, नुसता पट्टा बांधून मोजणी झाली. नागम्मा समोर येऊन बसली. गप्पा सुरू झाल्या तशी नाडी दहा ठोक्यांनी वर गेली.

"चौदावी बाब," बसू शांतपणे म्हणाला. एकोणीसपैकी एक तरी खरी निघाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

उत्कर्षाला तुलनेसाठी एक निरोगी माणूस हवा होता, म्हणून पट्टा तिनं स्वतःला बांधला आणि काटवटीपुढं बसली. चौथ्या भाकरीला तिची नाडी एकशे एकतीस झाली. भाकरीला चारी बाजूंनी चिरा गेल्या होत्या.

निंगव्वानं भाकरी उचलून उजेडात धरली. "हिच्या हृदयाची नक्कल करा आदी," ती नर्सबाईंना म्हणाली. "आन करकंबची म्हणून कुटं सांगू नका."

आठवडाभरात नक्कल भाकरी शिकली. मग दवाखान्यात निंगव्वा घासाघीस करायला बसली. तशी तिला सवय होती, समोर गिऱ्हाईक असो की विज्ञान.

"पन्नास," ती म्हणाली.

उत्कर्षानं पन्नास भरले. पडद्यावरची रेघ चव्वेचाळिसाव्या भाकरीपाशी लाल झाली.

"मग चव्वेचाळीस द्या."

"चव्वेचाळीसला काठावर उभं राहायचं नाही, मावशी. उन्हाळा आहे, एखाद्या दिवशी झोप झालेली नसते, एखाद्या दिवशी डोकं तापलेलं असतं. थोडी जागा सोडायची. छत्तीस."

"मागितले पन्नास आन दिले छत्तीस. असा धंदा मीबी कधी केला न्हाय."

पण डॉक्टरांनी छत्तीसच लिहून दिले. चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली स्वच्छ अक्षरात होतं: कडक भाकरी, दिवसाला छत्तीस. अठरानंतर दहा मिनिटं विश्रांती. एका वेळी अर्धा किलोच पीठ मळणे, दम न कोंडता. डबा उचलू नये. पंखा चालू. औषध दुकानवाल्यानं ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि गोळ्यांच्या खालचं काही आपल्याकडं मिळत नाही म्हणून सांगितलं.

नागम्माच्या घरची गोधडी परत आली. गल्लीत पुन्हा तो लयीतला आवाज सुरू झाला, पण मोजून छत्तीस भाकरींनंतर थांबणारा. शेजारची म्हातारी मंडळी तो मोजू लागली आणि सदतिसावी सुरू झाली की आपापल्या दारातून खाकरू लागली. उरलेल्या भाकरींना नागम्मा आणि महेश्वरी बसल्या. गिऱ्हाइकांना फरक कळला, पण कुणी बोललं नाही. पाच महिन्यांनी इको झाला तेव्हा पंपिंग अठ्ठेचाळीस टक्के होतं. उत्कर्षानं नवी मापं भरली आणि छत्तिसाचे बेचाळीस झाले. त्या दिवशी निंगव्वानं पेढे वाटले. आपण मात्र अर्धाच खाल्ला.

उत्कर्षाचा निबंध पुण्याच्या एका परिषदेत वाचला गेला. तिथं एका प्राध्यापकांनी विचारलं की तक्त्यातल्या व्यायामांत चालणं, सायकल, जिना हे ठीक, पण चौथा प्रकार कोणता. उत्कर्षानं पिशवीतून पाकीट काढून सगळ्यांना एकेक तुकडा आणि शेंगाचटणी दिली. त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही, कारण कडक भाकरी खाताना बोलता येत नाही.

डबा उचलायचं काम बसूकडं आलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याची कंबर धरली, दुसऱ्या आठवड्यात धाप लागली. अडतीस वर्षांचा माणूस पंधरा किलोच्या डब्यापुढं हात टेकून उभा राहिलेला पाहून निंगव्वानं उत्कर्षाला फोन लावला. पट्टा बसूला बांधला गेला. आकडे बघून उत्कर्षानं फार काही म्हटलं नाही, फक्त म्हणाली, "दादा, तुम्हीपण मावशींबरोबर चालत जा."

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मायलेक सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालायला जातात. निंगव्वा पुढं असते. देवळाच्या वळणावर ती थांबते, मागं बघते आणि बसू येईपर्यंत फुलवालीशी गप्पा मारत उभी राहते.

"ये सावकाश," ती त्याला सांगते. "मी हाय हितंच."